ब्लॉसमच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. अमेरिकेतल्या शेनान्डोआच्या खोऱ्यातल्या एका लोहाराने मला लोखंडी पत्रा ठोकून घडवले आणि मी गार्बर नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या ब्लॉसम गाईच्या गळ्यात गेले. माझा आवाज पार डोंगरापर्यंत जाई. घरधनीण सलोमी त्याचे कौतुक करी आणि मी फुशारून जाई.

मग उत्तर-दक्षिणेत यादवी युद्ध पेटले. दोन्हीकडच्या फौजा आमच्याच शेतांतून ये-जा करू लागल्या. गार्बर मंडळी हत्यार न धरणाऱ्या, खोटे न बोलणाऱ्या पंथाची. सलोमीचा नवरा सैन्यभरती चुकवायला परमुलखात गेला होता. दक्षिणेच्या फौजेने घोडे नेले. उरली ब्लॉसम, तिचे वासरू आणि तिच्या दुधावर जगणारा, सलोमीच्या मेलेल्या बहिणीचा तान्हा इझ्रा.

त्या शरदात उत्तरेची फौज कोठारे जाळत आली. सलोमीची लेक लिडिया गाय-वासरू घेऊन झाडीत निघाली.

"घंटा काढून ठेव गं," सलोमी म्हणाली.

"नको आई, गाय डोंगरात हरवली तर शोधायची कशी? सैनिक जाईपर्यंत बोळा कोंबते ना."

तिने माझ्यात गवत ठासून भरले.

सैनिकांनी दारात विचारले, "बाई, गुरं कुठं दडवलीत?"

सलोमी गप्प. खोटे बोलायचे नव्हते आणि खरे सांगितले तर बाळ उपाशी.

"जीभ गिळलीत का मावशी?" त्यांचा नायक हसला. अखेर कंटाळून ते घोड्यांवर चढले.

इकडे भुकेल्या वासराने माझ्यातले गवत ओढून खाल्ले. ब्लॉसमने मान हलवली आणि मी खणखणले. खरे सांगते, क्षणभर मला आनंदही झाला, गप्प बसून मी कंटाळले होते. त्या आनंदाची लाज अजून जात नाही.

सैनिक वळले. गाय नेली, वासरू नेले. नायकाने मला ब्लॉसमच्या गळ्यातून सोडवून लिडियाच्या पायाशी टाकले. "हिची बडबड वाटेत नको," तो म्हणाला.

शेजाऱ्यांचीही गुरे गेली होती. मक्याच्या पेजेवर इझ्राने जानेवारी गाठला, पुढे नाही.

"बोळा कापडाचा लावायला हवा होता," लिडिया म्हणाली.

"मी घंटाच काढायला हवी होती," सलोमी म्हणाली.

मला कुणीच बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

आता मी ओसरीवर खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, मला गंजू द्या, माझी तक्रार नाही. पण येता-जाता वाजवू नका. लिडियाआजी आत बसलेल्या असतात, आणि त्यांना अजून नीट ऐकू येते.