खूप छान लिहिलंय, ताई

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. सत्तरीची बाई अजून दुकानात कशाला बसते, असं लोक विचारतात. घरी बसले तर दिवसभर टीव्ही ऐकावा लागेल, म्हणून बसते. दुकानातला कॉम्प्युटरही निवृत्तीचं वय उलटून गेलेला. फरक इतकाच, की मी दिवसभर चालते आणि तो वीस मिनिटं. गिऱ्हाइकाचा अर्ज शेवटच्या ओळीवर आला की पडदा निळा होतो. डब्याला डावीकडून थाप मारली की कधी उठतो, कधी नाही.

एकदा मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका फेसबुक ग्रुपवर मदत मागितली. एकाने बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्याने टेबल ईशान्येला सरकवायला सांगितलं. तिसऱ्याने ‘आधी जुने प्रश्न वाचा, मग विचारा’ म्हणून खडसावलं. चौथ्याने गुलाबाची फुलं पाठवून शुभ सकाळ केली. मग टेबल ईशान्येला की आग्नेयेला, यावर त्यांची आपसात जुंपली ती तीन दिवस. तेवढ्यात कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला.

दुसरा ग्रुप आमच्या शहराच्या आठवणींचा. त्याचे चालक आप्पासाहेब, निवृत्त इंजिनिअर. तिथे प्रत्येकाचं तरुणपण धुतल्या तांदळासारखं. विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केलेला एकही माणूस त्या ग्रुपवर सापडत नाही. मग त्याला सोळा वर्षं का लागली, हे विचारायची मात्र सोय नाही.

गेल्या डिसेंबरात तात्यासाहेबांनी तिथे लिहिलं, ‘चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात नामांतराच्या मागणीवर पहिली सही माझी होती.’ तीनशे लोकांनी हात जोडले. चौदा जानेवारीला, नामविस्तार दिनी, ग्रुपतर्फे त्यांचा सत्कार ठरला.

मी ते दोनदा वाचलं. कारण ते निवेदन मी टाइप केलं होतं.

साल एकोणऐंशी. तेव्हा मी चौकात पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसायची. चिकलठाण्याला रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि गावागावांतून पोरं कामाला येत होती. त्यातलाच भिकन. देवगाव रंगारीचा, मेंढरं वळणाऱ्या घरातला. नामांतर व्हावं, असं निवेदन त्यानं माझ्याकडून टाइप करून घेतलं. खाली सह्यांसाठी बारा कामगारांची नावं, पहिलं स्वतःचं. मी म्हटलं, “भिकनभाऊ, तुमचं नाव शेवटी टाकू का?” तो म्हणाला, “का? शेवटी टाकल्यावर दिसायचं नाय का?”

त्याच संध्याकाळी त्याच कारखान्याचे सुपरवायझर तात्यासाहेब आले. त्यांना नामांतर होऊ नये, असं निवेदन हवं होतं. तेही मी टाइप केलं. त्याच मशीनवर, त्याच रिबिनीनं. भिकनच्या निवेदनाचा कार्बन, म्हणजे कार्बन पेपरखाली उमटलेली प्रत, टेबलावर पडला होता. “जरा मजकुराची मांडणी बघू,” असं म्हणून त्यांनी तो मागितला. त्यात बारा नावं आहेत, हे मला कळत होतं. पण कारखान्याचं सगळं टायपिंग माझ्याकडे यायचं. मी दिला.

आठ दिवसांत बाराही जणांना कारखान्याच्या साहेबांनी बोलावलं. अकरा जणांनी माफी लिहून दिली. भिकननं दिली नाही, त्याची नोकरी गेली आणि तो मेंढरांकडे परत गेला.

हे सगळं मी डिसेंबरातल्या एका दुपारी लिहून काढलं. कार्बन मीच दिला, हे वाक्य लिहायला मला सेहेचाळीस वर्षं आणि तीन वेळा निळा पडदा लागला. मजकूर उचलून ग्रुपवर चिकटवला, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला. गेलं की राहिलं, काही कळेना. रात्रभर मला झोप नाही. उद्या गावभर छी-थू होणार, असंच वाटत होतं.

सकाळी दुकान उघडलं, थापा मारल्या. दोनशे सतरा जणांना आवडलं होतं.

‘खूप छान लिहिलंय, ताई.’ ‘डोळ्यांसमोर काळ उभा केलात.’ ‘अशी माणसं आता होणे नाही.’ आणि खुद्द तात्यासाहेब: ‘अक्षरशः खरे. हे व्यासपीठावरून वाचले गेलेच पाहिजे.’

मग माझाच मजकूर उघडून पाहिला. एकही अक्षर मराठी नव्हतं. मी दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं होतं. तो माझ्या कागदावर नीट उमटतो आणि इंटरनेटवर त्याची फिरंगी अक्षरं होतात, डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली. गिऱ्हाइकांना हे मी शंभरदा बजावलेलं. माझ्याच वेळी विसरले. दोनशे सतरा माणसांनी तो चिखल पाहिला आणि गहिवरून गेली.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन.

“आवडाबाई, पाणी आलं हो डोळ्यांत!”

“कुठल्या भागाला?”

“तो... मधला.”

“मधला कुठला?”

“सगळाच हो! चौदा तारखेला तुम्ही वाचायचं. तात्यासाहेबांचा आग्रहच आहे.”

मी मजकुराचा कागद छापला आणि एसटीनं देवगाव रंगारीला गेले. भिकन गोठ्यापुढं बाजेवर बसला होता. नजर अधू, पण आवाज तोच.

“टायपिंगवाल्या बाई? हितं कशाला?”

“वाचून दाखवायचंय.”

मी वाचलं. कार्बनच्या वाक्याला त्यानं हात वर केला.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“मला वाटायचं, अकरातला कुणी फुटला,” तो म्हणाला. “कडूबाशी मी मरेपर्यंत बोललो नाय. त्याच्या मयतीलाबी गेलो नाय.”

कडूबाचं नाव त्या बारांत चौथं होतं.

“भिकनभाऊ, माफ—”

“माफी माझ्याकडं मागू नका. ज्याच्याकडं मागायची, तो गेला.” मग तो म्हणाला, “तात्यासायबानं वाचलं हे?”

“त्यांनी आवडलं म्हणून लिहिलंय. व्यासपीठावर वाचा म्हणतात.”

“न वाचताच?”

“न वाचताच.”

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. “लई बेस. मग वाचा की. मी येतो बसायला. आन कडूबाचं घाला त्यात. त्याच्यावर आळ आला, तो खोटा होता, आसं घाला.”

चौदा तारखेला आप्पासाहेबांनी माझी ओळख करून दिली, “ज्यांच्या लेखानं आपण सगळे हेलावलो.” टाळ्या पडल्या. तात्यासाहेब पहिल्या रांगेत होते, शाल अजून घडीतच होती. भिकन मागच्या भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली तरी बसेना.

मी चष्मा पुसला आणि कडूबापासून सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात कार्बन आला. माझं नाव मी मोठ्यानं वाचलं. मग तात्यासाहेबांचं.

टाळ्या वाजवायला वर आलेले हात तसेच राहिले. आप्पासाहेब लगबगीनं माइककडे आले आणि कुजबुजले, “आवडाबाई, तुम्ही लिहिलं होतं ते वाचा ना.”

“तेच वाचतेय,” मी म्हटलं. “अजून एक पान आहे.”