आंजीच्या पट्टीवरचं विमान

सकाळी विमानाच्या पंखांमधल्या तारा तपासताना फिटर तानबाचा हात एका जागी थांबला. ताण पक्का धरून ठेवणारी बारीक कुलूपतार तुटली नव्हती, कापलेली होती. दोन्ही टोकं पकडीनं दाबल्यासारखी चपटी झाली होती.

आठ दिवसांतली ही तिसरी गोष्ट. आधी एका चाकाची हवा गेली. मग शेपटीचं सुकाणू ओढणाऱ्या तारेची खीळ निघून थेट वैमानिकाच्या बैठकीवर पडलेली सापडली.

वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावाबाहेरची ही धावपट्टी लढाईच्या दिवसांत लष्करानं बांधली होती. लढाई संपली आणि इथली अकरा विमानं लिलावात गेली. दहा विमानांची मोडून भांडी झाली. अकरावं सुलोचनाबाईंच्या नवऱ्यानं घेतलं, आणि तो काविळीनं गेल्यावरही बाईंनी ते उडतं ठेवलं. जोडपंखांचं, कापडानं मढवलेलं ते विमान म्हणजे या मुलखात लष्कराच्या जुन्या विमानांपैकी अजून उडणारं एकटंच. पण १९५७चा मार्च लागला होता आणि सोमवारी सरकारी तपासनीस येणार होता. त्यानं दाखला दिला तर नागपूरचा एक उड्डाण क्लब विमान न्यायला तयार होता. नाही दिला तर भंगारवाल्याचा ट्रक ठरलेला होता.

विमान चालवणारा हिरालाल तारेवर वाकून म्हणाला, "हे मंगरूचं काम दिसते. शेडची चाबी त्याच्यापाशी राह्यते. काल भंगारवाल्याचा माणूस त्याच्यासंगं बिडी पीत होता, मी सोता पाह्यलं."

मंगरू गोंड होता. सहा वर्षांपासून शेडची राखण करायचा आणि बाजूच्या झोपडीत राहायचा. तानबा त्याच्याकडे गेला तेव्हा तो टोपलीसाठी बांबू चिरत होता.

"भंगारवाला काय म्हणे तुले?"

"पाणी मांगलं त्यानं. दिलं."

"अन् बिडी?"

"त्यानं देल्ली. काऊन भाऊ?"

तानबाची नजर मंगरूच्या हातातल्या कोयत्यावर होती. मंगरूनं ती नजर ओळखली आणि कोयता खाली ठेवला.

दुपारी तानबा वर्ध्याला जाऊन बाईंना सगळं सांगून आला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः पट्टीवर आल्या. "मंगरू, सोमवारपर्यंत तू पाड्यावर घरी जाऊन राहा. पुढचं पुढं बघू," एवढंच त्या म्हणाल्या. मंगरूनं चाबी पेट्रोलच्या पिंपावर ठेवली.

"तानबाभाऊ, तुमी पाह्यलं का मले करतानी?"

लढाईत तानबा विमानांचा फिटर होता. छावणीत काही हरवलं की आधी त्याची पेटी उघडायचे, कारण तो महाराचा. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता, आणि त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आता आपण ताठ उभे आहोत. पाठीवर बांबूची मोळी घेऊन चाललेल्या मंगरूकडे पाहताना ते ताठपण त्याला टोचलं. पण विमानही वाचवायचं होतं. चाबी त्यानं करगोट्याला बांधली.

शनिवारी सकाळी त्यानं काठीवरची वाऱ्याची पिशवी शिवायला खाली काढली. वारा कुठून आहे ते वैमानिकाला दाखवणारी ती कापडी पिशवी दोन ठिकाणी उसवली होती. ती शेडमधल्या बाकावर टाकून तो विहिरीवर हातपाय धुवून आला. मग नेहमीप्रमाणे टाकीखालचा नळ उघडून त्यानं काचेच्या पेल्यात थोडं पेट्रोल काढलं. पेल्याच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर बसला.

मंगरू तर पाच कोसांवर होता. चाबी तानबाच्या कमरेला होती. तो विहिरीवर गेला तेवढ्या वेळात शेडमध्ये एकटा हिरालाल होता.

तानबा पिंपावर बसून राहिला. रोज सकाळी तो आधी चाकं बघायचा, मग बैठक, मग तारा, मग पेट्रोल. चारही खोड्या त्याच क्रमानं झाल्या होत्या, तो हमखास बघणार अशाच ठिकाणी. ज्याला विमान पाडायचं असेल तो खीळ काढून बैठकीवर कशाला ठेवेल? हे करणाऱ्याला तानबाची शिस्त पाठ होती, आणि कोणी मरू नये असंही त्याला वाटत होतं. कापलेली तार बघायला हिरालाल नाक टेकेल इतका वाकला होता, तेही तानबाला आता आठवलं.

हिरालाल बाहेर उन्हात उभा होता. तानबा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "हिरालालजी, पिशवी पाहून सांगा बरं, वारा कोन्या अंगानं आहे?"

हिरालालनं काठीच्या दिशेनं मान उंचावली. "उत्तरेकडून. पिशवी मस्त फुगली आहे."

काठी नुसती उभी होती. पिशवी शेडमध्ये बाकावर पडली होती.

"पिशवी मी सकाळीच उतरवली," तानबा म्हणाला.

हिरालालची मान तशीच वर राहिली. मग तो हळूच खाली बसला.

"किती दिवसांपासून?"

"डावा डोळा दिवाळीपासून. आता उजवाही. पंधरा दिवसांपूर्वी निवडणुकीची पत्रकं टाकून आलो ना, तवा पट्टी समजून कापसाच्या गंजीवर उतरून राह्यलो होतो. बायांचे लाल लुगडे पळताना दिसले म्हणून वर खेचलं."

"मंग सांगाचं होतं!"

"काय सांगू? सोमवारी साहेब म्हणन, उडवून दाखव. विमान नापास झालं असतं तर लोक म्हनले असते, विमान जुनं झालं. आता म्हनतीन, हिरालाल आंधळा झाला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "वाटलं, रोज काई बिघडलेलं निंगालं त तूच म्हनशीन, हे उडवाचं नाई. पण तुले सापडणार नाई असं मी काईच केलं नाई, तानबा. आईची आन."

"अन् मंगरू?"

हिरालाल समोरची माती बोटांनी चाचपत राहिला.

"त्याचं नाव तुमी घेतलं. मी ते उचललं. बाईले तुमी सांगा. आजच. मी संगं येतो, पण बोलान तुमी."

वर्ध्याच्या घरी हिरालालनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, आणि तो हातात घेऊन हिरालालला वाचता येईना तेव्हा त्याच रडल्या. मग डोळे पुसून तानबाला म्हणाल्या, "मंगरूला घेऊन या. मी चुकले, असंही सांगा."

रविवारी तानबा मंगरूच्या पाड्यावर गेला. मंगरूची बायको रुखमा दारात उभी होती. तिनं पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

"माही चूक झाली, मंगरू. मले लोकायनं जे केलं, तेच मी तुले केलं."

मंगरू रुखमाशी आपल्या बोलीत काहीतरी बोलला. ती आत निघून गेली.

"येतो मी," तो म्हणाला. "पण चाबी तुमच्याच जवळ ठेवजा. उद्या काई गेलं त मले इचाराचं नाई."

सोमवारी तपासनीस आला. त्यानं दिवसभर एकेक तार, एकेक शिवण पाहिली. तो स्वतः असल्याच विमानावर शिकलेला निघाला. वैमानिक नाही हे कळल्यावर स्वतःच आत बसला, पट्टीवरून तीन फेऱ्या मारल्या आणि उतरून एका वर्षाचा दाखला लिहून दिला.

"क्लबवाले ते उडतं ठेवतील ना?" बाईंनी विचारलं.

"एक वर्ष ठेवावं लागेल. पुढचं मी कसं सांगणार?"

त्या उत्तरानंतर तानबाला चैन पडेना. आठवड्यानं क्लबचा वैमानिक विमान न्यायला आला तेव्हा तानबा कपड्यांची पिशवी घेऊन तयार होता. हत्यारं गुंडाळून पुढच्या बैठकीत ठेवलेली होती. क्लबात फिटर म्हणून तानबालाही घ्या, असं पत्र बाईंनी लिहून दिलं होतं. निघण्याआधी त्यानं चाकं, बैठक, तारा, पेट्रोल, सगळं दोनदा पाहिलं.

"आत्ताच मी पाहिलंय की. माझ्यावर विश्वास नाही तुमचा?" वैमानिक चिडून म्हणाला.

"कोनावरच नाई, साहेब. माह्यावरबी नाई," असं म्हणून तानबा पुढं बसला.

मंगरूनं चाकांखालचे ठोकळे ओढले. विमान धूळ उडवत पळालं आणि पट्टीच्या टोकाला उचललं गेलं. शेडपाशी उभा असलेला हिरालाल आवाजाच्या मागं मान फिरवत होता.

"मंगरू, कुठी आहे आता?"

मंगरूनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज विरत चालला होता.

"पळसाच्या वर," तो शेवटी म्हणाला. "सरळ चाललं आहे."

आणि विमान दिसेनासं होईपर्यंत तो सांगत राहिला.