वळणावर न उडणारी गाडी

भवानीनं कापीचे, म्हणजे कॉफीचे, पेले न्यायला हाक मारली आणि व्यंकोजी स्वयंपाकघरात गेला. तेवढ्यात रंगरावांनी त्याची निळी गाडी ट्रॅकवरून उचलून उताणी केली. बायकोच्या, भवानीच्या, केसांतला आकडा त्यांनी सकाळीच खिशात टाकून ठेवला होता.

दोघंही सत्तरीचे. तरी दर रविवारी व्यंकोजी पापनाशमहून बसनं तंजावूरला यायचा आणि रंगरावांच्या ह्या हॉलमध्ये शर्यत लागायची. ट्रॅक त्याच्या मामानं, हे दोघं शाळेत असताना, सिंगापूरहून आणलेला. खाचेतून पळणाऱ्या ह्या गाड्यांना स्टीअरिंग नाही. हातातलं बटण किती दाबायचं आणि वळणाआधी कधी सोडायचं, एवढाच काय तो खेळ. पण एकदा बोटाला चटक लागली की जन्मभर सुटत नाही म्हणा. चुकलात तर गाडी वळणावर उडाली. गाडीखाली चुंबक लावला तर तो खाचेकडेच्या लोखंडी पट्टीला धरून राहतो, गाडी उडत नाही. म्हणून चुंबक लावायचा नाही, ही दोघांची शपथ.

अर्धांगाच्या झटक्यानंतर रंगरावांचा उजवा हात जड झाला होता. इस्पितळातून आल्यापासून ते एकदाही जिंकले नव्हते, पण त्यांची लाल गाडी एकदाही उडाली नव्हती. त्या एका गोष्टीवर ते तग धरून होते. बोट शाबूत आहे, तर हरतो कसा? मनात पाल चुकचुकली होती ती इथंच.

निळ्या गाडीखाली त्यांनी आकडा धरला. तो खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. आकडाच पितळी की काय, म्हणून त्यांनी तो आपल्या लाल गाडीखाली धरून पाहिला.

टक्. चिकटला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. व्यंकोजी दोन पेले घेऊन दारात उभा होता.

"कधी लावलास?"

"तू इस्पितळात होतास तेव्हा. पहिल्याच दिवशी गाडी उडाली असती तर तू पुन्हा ट्रॅकपाशी बसला नसतास, रंगा."

रंगरावांना राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली.

"मी तुझी गाडी तपासत होतो."

"दिसलं."

रंगरावांनी नखानं चुंबक खरवडून काढला, गाडी खाचेत ठेवली आणि बटण दाबलं. पहिल्याच वळणावर ती उडून कपाटाखाली गेली. व्यंकोजीनं पेले ठेवले, गुडघे टेकून ती बाहेर काढली आणि खाचेत बसवली. ती पुन्हा उडाली, ह्या वेळी दारापर्यंत.

"काय पडलं हो?" आतून भवानीनं विचारलं.

"माझी गाडी," रंगराव म्हणाले, आणि व्यंकोजीनं ती परत खाचेत ठेवायची वाट बघत बसले.