वाकळीखालची वाईन

मी लाल वाईन बोलतेय. दचकू नका. प्याल्यावर कुणीही बोलतं, मी पिण्याआधीच बोलून घेते.

माझं माहेर निलंग्याजवळचं ‘खडकुलं’. व्यंकटरावांचं हे रान असं, की नांगर घातला तर नांगरच माफी मागतो. माझ्या जन्माच्या साली पावसाची निलंग्याची एस.टी. चुकली. द्राक्षाच्या वेलींना पाणी बेताचंच मिळालं. मणी झाले हरभऱ्याएवढे आणि साल म्हशीच्या कातड्याची! पुढं थंडी इतकी पडली, की कोंबडा आधी शेकोटी मागायचा, मग आरवायचा. त्या थंडीनं मणी असे रंगले, की तोडणाऱ्या बायांचे हात होळीपर्यंत जांभळे होते. खोटं वाटतंय? निलंग्यात विचारा. पण माझं नाव सांगू नका.

व्यंकटरावांची लेक तनुजा वाईन करायला शिकून आलेली. ती म्हणाली, “अण्णा, खडकुल्याचा माल वेगळा ठेवायचा. दुसऱ्या रानाचा थेंब न्हाई.”

“लई तुरट होईल गं. मोठ्या टाकीत मिसळ, खपून जाईल.”

“तुरटपणा सालीत हाय. हलक्या हातानं दाबते, लाकडी पिंपात वर्षभर निजवते. मग बघा.”

मिसळले असते तर मी नुसती ‘लाल’ म्हणून मेले असते. बिनगावाची, बिननावाची.

सालीसकट रस टाकीत पडला. दोन-चार दिवस बुडबुडे नाचले आणि गारठ्यानं खमीर झोपी गेलं. मी ना रस, ना वाईन. तनुजानं लातूरहून मागवलेला हीटर वाटेतच अडकला.

“सकाळपर्यंत उठली तर तुझी,” व्यंकटराव म्हणाले, “न्हाई तर मोठ्या टाकीत.”

नेमके त्याच संध्याकाळी केवळाबाईंचे, म्हणजे तनुजाच्या आईचे, भाऊ हणमंतराव मुक्कामाला आले. गळ्यात तुळशीची माळ! वास भावाच्या नाकात जाऊ नये म्हणून केवळाबाईंनी घरातल्या झाडून साऱ्या वाकळी टाकीला गुंडाळल्या.

ती ऊब काय सांगू! पानं वाढली आणि पलीकडच्या खोलीतून मी सुरू झाले. गुडगुड, गुडगुड.

“केवळे, काय वाजायलंय?”

“ह्यांचं पोट हाय, दादा.”

व्यंकटरावांनी निमूटपणे पोटावर हात ठेवला.

तेवढ्यात फेस चढला, वरची वाकळ हलली आणि वास सुटला. हणमंतराव ताटावरून उठले, थेट टाकीशी आले. केवळाबाईंनी डोळेच मिटले. तनुजा आडवी उभी राहिली.

“मामा, आपल्या खडकुल्याची द्राक्षं हायत. आत्ता कुठं जागी झालीत.”

हणमंतरावांनी वाकून कान लावला. बराच वेळ ऐकलं.

“मी शिवणार न्हाई ह्याला,” ते म्हणाले, “पण केवळे, उबेला आलंय तर वाकळ काढू नगं. मला पांघरायला एक सतरंजी दे.”

तनुजा टाकीला मिठी मारून हसत सुटली. सकाळी व्यंकटरावांनी मोठ्या टाकीचं झाकण स्वतःच लावून टाकलं.

पुढं वर्षभर पिंपात निजले, तुरटपणा मऊ झाला. आता बाटलीत आहे. मला पेल्यात ओतून जरा थांबा, अंग मोकळं करू द्या. सोडा घालून माझा खडक बुडवू नका, एवढंच मागणं.

केवळाबाईंनी मला अजून चाखलेलं नाही. पण परवा शेजारीण म्हणाली, “काय गं, दारू करता व्हय?”

केवळाबाईंनी पदर खोचला.

“दारू कुणाला म्हणतीस? खडकुलं नाव हाय तिचं. नावानं हाक मार.”