न हलणाऱ्या उंदरांची बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे, उंदरांची. चांगली हातभर उंच, गुळगुळीत, कुठे पंजा अडकायला जागा नाही अशी. माझ्यात पाणी भरायचं आणि उंदीर सोडायचा, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. वाईट वाटलं का? वाटू द्या. मला वाटून वाटून आता काही वाटेनासं झालंय.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात मला भट्टीतून काढलं आणि पेंढ्यात गुंडाळून ट्रकमधून नायजेरियातल्या इबादान शहरी पाठवलं. माझ्या तीन बहिणी वाटेतल्या खड्ड्यांनी खाल्ल्या. मी तेवढी धड पोचले, विद्यापीठातल्या ओयेवुसी मॅडमच्या प्रयोगशाळेत. खोक्यातून मला बाहेर काढलं ते बाबा लासिसीनं. प्राण्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्यानं मला उन्हात धरलं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "वा गं बाई! अंगभर आरपार दिसतेस, पण कुणाचं गुपित फोडायची नाहीस!"

लासिसीची ही खोडच होती. आमच्याकडे आई लेकराला सकाळी उठवताना त्याची बिरुदं गाते, लेकरू कसं ताठ होऊन उठतं. लासिसी ती उंदरांसाठी गायचा. "मांजराच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या, मिशाळ राजा, मक्याच्या कोठाराच्या मालका, चल, पोह!" असं म्हणून अलगद पाण्यात सोडायचा. विद्यार्थी हसायचे. "बाबा, उद्या त्याचा मेंदू काढायचाय, कशाला लाड करता?" लासिसी म्हणायचा, "म्हणूनच तर. जाणाऱ्याला मानानं पाठवावं."

माझं काम साधं होतं. उंदीर सहा मिनिटं पाण्यात राही. आधी तो धडपडे, मग कधीतरी हातपाय सोडून नुसता तरंगे. किती सेकंद न हलता राहिला ते घड्याळावर मोजायचं. सहा मिनिटं झाली की लासिसी हात घालून त्याला काढी, फडक्यानं पुशी आणि दिव्याच्या उबेला ठेवी. काही उंदरांना आदल्या दिवशी जंतूंच्या अर्काची सुई टोचलेली असे. ते लवकर हार मानत.

पाहुणे आले की मॅडम मला पुढे सरकवत आणि बोलू लागत. आवाज असा मऊ की ऐकत राहावं. "हा उंदीर आळशी नाही बरं का. सुईनं त्याच्या अंगातल्या पहारेकरी पेशी जाग्या झाल्यात. त्या झुंजतात आणि झुंजताना मेंदूला निरोप धाडतात: पडून राहा, खाऊ नको, कुणात मिसळू नको. चार दिवसांपुरता हा निरोप भल्याचाच असतो. पण तो थांबलाच नाही, तर मन विझत जातं. काही माणसांच्या उदासीमागं हेच असतं. त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे." पाहुणे टाळ्या वाजवत. लासिसी मागे फडकं घेऊन उभा असे. माझंही कौतुक होई. मी फुगून जात असे, खोटं कशाला बोलू!

मग एका थंडीत, हरमॅटनचा कोरडा वारा खिडक्या वाजवत असताना, मला लासिसीचे हात निराळे लागले. बोटांचे सांधे सुजलेले आणि गरम. सकाळी सकाळी तर त्याची मूठ माझ्याभोवती वळतच नसे. मला उचलायला तो दोन्ही कोपरं लावी. मॅडमच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मोरेनिकेनं ते पाहिलं.

"बाबा, बोटं बघू. अगं बाई! कधीपासून हे?"

"थंडी आहे पोरी. जाईल."

"थंडी कसली? हे सांध्यांचं दुखणं आहे. दवाखान्यात जा हो."

"जातो की," तो म्हणाला, आणि गेला नाही.

त्यानंतर त्याचं गाणं कमी झालं. आधी बिरुदं अर्धी झाली, मग नुसतं "चल" उरलं, मग तेही गेलं. डब्यातला आमाला, बायकोनं उकडून दिलेला पिठाचा गोळा, तसाच परत जाई. लोकांचे नमस्कार घ्यायचे तो विसरू लागला. आमच्याकडे नमस्कार न घेणारा म्हणजे माजलेला! "लासिसीला शिंगं फुटली," शिपाई म्हणाले. "आळस चढलाय," मॅडम म्हणाल्या. हो, त्याच मॅडम.

एका दुपारी सुई न टोचलेला एक धट्टाकट्टा उंदीर माझ्यात होता. सगळे जेवायला गेले होते. घड्याळाचं बटण लासिसीच्या अंगठ्यानं दाबलंच गेलं नाही. तो समोर स्टुलावर बसला आणि बघत राहिला. उंदीर पोहला, थकला, तरंगला, पुन्हा पोहला. कितीतरी वेळानं तो बुडाला. माझ्या तळाशी त्याचं ओझं टेकलं ते मला अजून जाणवतं.

"झोपला होतास?" मॅडम कडाडल्या.

"नाही मॅडम. बघत होतो."

"मग काढला का नाहीस?"

लासिसीनं फडक्यानं माझा काठ पुसला. मग म्हणाला, "त्यालाही आता नकोसं झालं असेल, असं वाटलं."

मॅडमनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. विद्यापीठाच्या दवाखान्याचं कार्डही काढून घेतलं. मोरेनिके तिथेच पेन्सिल धरून उभी होती. तिला सगळं कळलं होतं: बाबाच्या सुजलेल्या सांध्यांतही त्याच पेशी झुंजत होत्या. तिच्या प्रबंधावर मॅडमची सही व्हायची होती. तिनं मान खाली घातली.

आठ महिन्यांनी लासिसीची बायको सिदिकात आली. चवळी वाटून पानांत उकडलेलं गरम मोईमोई तिनं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, नोकरी नको. तेवढं कार्ड द्या. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. हात धरला तर ओरडतो. लेकरं बिरुदं गातात, तरी वळून बघत नाही."

"कार्ड कर्मचाऱ्यांना असतं, बाई. नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याला जरा कामाला लाव. पडून राहायची सवय लागलीय." मोईमोई घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.

सिदिकात दारातच उभी राहिली. माझ्यात उंदीर नुसता तरंगत होता. सहा मिनिटं झाली. मोरेनिकेनं हात घालून त्याला काढलं, पुसलं आणि दिव्याखाली ठेवलं.

"का पुसतेस त्याला?"

"गारठेल ना, मावशी."

"पोहत का नव्हता तो?"

मोरेनिकेला ते उत्तर तोंडपाठ होतं. "सुई टोचलीय. अंगातल्या पेशी मेंदूला निरोप धाडतात, मग हातपाय हलवावेसेच वाटत नाहीत. आळशी नाही तो."

सिदिकात त्या दिव्याखालच्या उंदराकडे बघत राहिली.

"आणि माझा नवरा गं?"

मोरेनिकेनं दिवा उंदराच्या जरा जवळ सरकवला. आतून मॅडमचा आवाज आला, "मोरेनिके, किती सेकंद?"

"दोनशे दहा, मॅडम."

"लिहून ठेव. आणि हे मोईमोई खाऊन बघ, छान झालंय."

सिदिकात गेली. ती पुन्हा आली नाही. मोरेनिकेला पदवी मिळाली, छान समारंभ झाला. माझ्या काठाला तडा गेला, म्हणून मला कपाटावर टाकलं. आता माझ्यात मोडके थर्मामीटर आणि मेलेली झुरळं आहेत.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. काचेचं काय, नवी येते. पण तुमच्या घरातलं कुणी गायचं थांबलं, ताट सारून भिंतीकडे वळलं, तर नावं ठेवण्याआधी एकदा त्याचा हात हातात घ्या. सुजलाय का, गरम लागतो का, बघा. आणि लागला, तर बोला. लासिसीचे हात मला रोज गरम लागत होते. मी काच. मला बोलता येत नव्हतं. मोरेनिकेला येत होतं.