जसोंडीत उतरलेला ओंकार

“सोमवारी सुनेला परत आणा, आई. पायांवर सूज आहे, हयगय नको,” बऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कोकिळाबाईंनी शब्द दिला होता.

सोमवार उजाडला, अन् अख्खं जसोंडी गाव मारुतीच्या पारावर लोटलं. बाभळीवर लांबलचक तार, खाली भोंगा, भोंग्यातून अखंड “ऊं ऊं ऊं!”

“सुनो! कैलासाची डायरेक्ट लाइन!” गावात नव्यानंच आलेले तरंगनाथ महाराज गरजले. “बॅटरीवर चालतं, गावच्या लाइटीचा संबंधच नाही! जोवर ओंकार घुमतोय, तोवर गर्भार बाईनं वेस ओलांडायची नाही. सूज? माझा अंगारा लावा!”

सातव्या महिन्यातली सून मोनाली सुजलेले पाय चोळत बसली होती. कोकिळाबाईंना देवाची आज्ञा मोडवेना, दिलेला शब्दही मोडवेना. त्यात त्यांचं सोमवारचं मौन. तोंड बंद, म्हणून कान उघडे. हा सूर ओळखीचा कसा? रोज केळीच्या मळ्यात त्या जपाला बसत, तिथली विजेची डीपी हाच सूर धरते की!

त्यांनी वायरमन लोटूला खूण केली. हात वर, मग झटकन खाली.

“काय काकू, घड कापू?”

त्यांनी कपाळाला हात लावला, पारामागच्या डीपीकडे बोट केलं.

लोटूनं खटका पाडला. गावची लाइट गेली, ओंकारही गेला. भोंग्यात नुसती चट्‌चट्‌.

“भगवान नाराज!” महाराज ओरडले.

खटका वर. “ऊं ऊं!”

“भगवान खुश!”

खाली. “नाराज!” वर. “खुश!” महाराजांना धाप लागली.

“बाबा,” कौतिक सुतार म्हणाला, “देवाचा मूड लोटूच्या हातात दिसतो!”

पार हसून लोळला. शाळेतल्या पूर्णिमाबाई पुढे झाल्या. “आपल्या विजेच्या तारांतून गुणगुण हवेत सुटते. भोंगा बॅटरीवर असला तरी बाभळीवरची तार ती पकडते. काही वर अवकाशातही पोचते, तिथल्या निसर्गाच्या रेडिओलहरींत लुडबुड करते. आत्ता चट्‌चट्‌ झाली ना? ती दूर कुठंतरी कडाडणाऱ्या विजांची. देव बोलत नव्हता, आपणच आभाळात गोंगाट करतोय! भक्ती खुशाल करा. पण चमत्कार दिसला की आधी खटका पाडून पाहा. अन् सुजेला डॉक्टर लागतो, अंगारा नाही.”

महाराज तार गुंडाळू लागले.

कोकिळाबाईंनी मारुतीला हात जोडले, मोनालीची फाइल काखेत घेतली, तिला हाताचा आधार दिला, आणि बऱ्हाणपूरच्या रिक्षाकडे चालू लागल्या.