देवासाठी राखीव

दर गुरुवारी सकाळी दहाला आष्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या मांडवात दोन-अडीच हजार माणसं एका पडद्याकडे तोंड करून बसायची. पडदा लग्नातल्या डीजेवाल्याकडे असतो तसा, लखलखता, बैलगाडीएवढा. त्यावर हिरव्या आकड्यांत ‘बरे झाले: ५०४२’ आणि खाली तांबड्यात ‘बरे न झालेले: ०’. तांबडा आकडा गेली तीन वर्षं शून्यावरून हलला नव्हता. जिल्ह्यात दुसरं काहीही इतकं स्थिर नव्हतं.

पडद्याशेजारी निरामयनाथ महाराज उभे असत. मूळ नाव कल्याण, मूळ धंदा ठिबकच्या नळ्या विकण्याचा. भगवं नाही, जटा नाहीत; इस्त्रीचा पांढरा कुर्ता आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. प्रवचनाचं पहिलं वाक्य ठरलेलं.

“अंधश्रद्धेचा मला तिटकारा हाय. मी अंगारा देत न्हाई, लिंबू उतरून टाकत न्हाई. मी डेटा देतो. आपला देव पेपरलेस हाय. कोणताही नंबर सांगा, तपासून घ्या.”

गर्दीतून कोणी ‘तीनशे अकरा’ म्हणायचं. पडद्यावर नाव, गाव, कावीळ, बरे झाले. टाळ्या. ‘दोन हजार चार.’ कंबरदुखी, बरे झाले. टाळ्या. त्या गुरुवारी एका म्हाताऱ्याने ‘नऊशे चाळीस’ म्हटलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘हा क्रमांक देवासाठी राखीव आहे.’

महाराज अजिबात गडबडले नाहीत. खळ्यावर रास पडली की घरात पोतं नेण्याआधी देवाचं सूप काढतात की न्हाई, असं त्यांनी विचारलं. काढतात, असं अडीच हजार माणसं म्हणाली. “मंग मी माणसांच्या राशीतून देवाचं सूप काढलं, तर काय चुकलं?”

काहीच चुकलं नव्हतं. बायांनी हात जोडले. रेणुकाने तर डोळे पुसले. तिच्या मांडीवर अकरा वर्षांची लेक आकांक्षा डोकं टेकवून बसली होती, आणि शेजारी तिची आत्या इंद्रायणी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होती. इंद्रायणी जालन्यात एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवायची, बहुतेक बियाण्यांच्या कंपन्यांच्या. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची तिला पगारी सवय होती.

आकांक्षाला दोन वर्षांपासून साखर होती. लहान मुलांना होते ती, इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय न चालणारी. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एखादं जेवण चुकलं तर चालवून घेऊ, सुई चुकली तर पोर हाती लागणार नाही. महाराजांनी तिच्या मनगटाला पितळी बिल्ला बांधला, नंबर ६४१९, आणि पुढच्या गुरुवारपासून एकवीस दिवसांचा वसा सांगितला. रोज कडुलिंबाचा रस. सुई बंद.

“सुई बंद कशाला?” इंद्रायणीने विचारलं.

“ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता,” महाराज हसून म्हणाले. “दोन्ही चालू ठेवलं, तर पोरगी कशानं बरी झाली हे डेटात कसं कळंल?”

यावर रेणुका नणंदेकडे अशी बघत राहिली, जणू विज्ञानच स्वतः महाराजांच्या बाजूने चालत आलं होतं.

परतीच्या एसटीत इंद्रायणी तासभर बोलली. रेणुका खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, “इंदूताई, तुमचा डॉक्टर म्हन्तो जन्मभर सुया. हे म्हन्ते एकवीस दिवस. रोज चार वेळा पोरीला मी टोचून राह्यले, तुम्ही न्हाई. आईनं कुणाचं ऐकावं, तुम्हीच सांगा.”

घरी पोचल्यावर इंद्रायणीने आकांक्षाच्या बापाला सांगून बघितलं. तिचा भाऊ भागवत एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. तो म्हणाला, एकवीस दिवसांचाच तर प्रश्न आहे. डॉक्टरांच्या हिशेबाने प्रश्न दोन-तीन दिवसांचाच होता.

शुक्रवारी कंपनीचे मालक गोरक्षनाथ सर पेढे घेऊनच ऑफिसात आले. मोठं काम मिळालं होतं: निरामय पीठाची वेबसाइट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायची, गुरुवारी मांडवात उद्घाटन. सगळी माहिती हलवायची म्हणजे सगळी माहिती उघडायची. इंद्रायणीने पेढा बाजूला ठेवला आणि रुग्णांचा तक्ता उघडला.

पहिला शोध इतका साधा होता की तिला आधी आपलीच चूक वाटली. माणूस बरा झाला की नाही, हे लिहायला तक्त्यात जागाच नव्हती. नाव होतं, गाव होतं, आजार होता. ‘बरे झाले’ हा आकडा म्हणजे तक्त्यात जितकी नावं तितका. बिल्ला बांधला की माणूस बरा. तिने ६४१९ टाकून बघितला. आकांक्षा भागवत, मधुमेह, बरे झाले. त्याच सकाळी तिच्या डोळ्यांदेखत रेणुकाने त्याच पोरीला सुई टोचली होती.

मग ती मोजायला बसली. प्रत्येक नव्या नोंदीला मशीन आपोआप पुढचा नंबर देतं. नोंद पुसली तरी तो नंबर दुसऱ्याला मिळत नाही. तिथे खड्डा राहतो. शेवटचा नंबर होता ६४१९. कालच्या नव्या नोंदी धरून नावं होती ५१०७. एक हजार तीनशे बारा माणसं कुठे गेली, याचं उत्तर कोडच्या एका ओळीत होतं: नंबर सापडला नाही, तर ‘हा क्रमांक देवासाठी राखीव आहे’ असं दाखवा.

जुन्या सर्व्हरवर दिवाळीत काढलेली एक प्रत पडून होती. पुसायची राहून गेलेली. तीत त्या तेराशेंपैकी चारशे माणसं होती, फोन नंबरांसकट. इंद्रायणीने जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून तेवीस फोन लावले. नऊ उचलले गेले. चार घरांतलं माणूस वारलं होतं. तिघं वसा मोडून दवाखान्यात पोचले म्हणून वाचले होते. एकाने शिवी घातली, एक बाई नुसती रडली. तक्रार करायला मात्र सगळे मांडवात गेले होते. तक्रार करणाऱ्याला तिथे चहा मिळायचा, ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ हे ऐकायला मिळायचं, आणि ‘काढून टाका’ नावाचं बटण दाबलं जायचं.

तिने हे गोरक्षनाथ सरांना सांगितलं. त्यांनी दार लावलं, ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “आपण नळ जोडणारे. नळातून काय येतं ते आपण बघत नसतो.”

“विष आलं तरी?”

“उद्घाटन होऊ दे. मंग बघू.”

या देशात ‘मंग बघू’नं जितकी माणसं मारली तितकी सापांनी मारली नसतील.

लोकांच्या आजारांची यादी चव्हाट्यावर मांडायची नाही, हे तिने ठरवलं. ज्याचा नंबर त्यानेच आणावा. रविवारी ती शहागडला गेली. फोन उचलणाऱ्यांपैकी फकरोद्दीनचं तिथे हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. ट्रकचं चाक काढत त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. त्याची बायको अजीजुन्निसा हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागायचं. महाराजांनी मशीन बंद करायला लावलं. नवव्या दिवशी ती गेली.

“बिल्ला आहे का, चाचा?”

त्याने हात पुसले. “हाय. ती गेल्यावर मीच सोडला हातातून. फेकून देनार होतो, बेटा. मंग म्हन्लं, बराबर न्हाई. तिच्या अंगावरची आखरी चीज हाय.”

गुरुवारी मांडव फुलला होता. गोरक्षनाथ सरांना शाल मिळाली, इंद्रायणीला नारळ, आणि नव्या साइटचा लॅपटॉप तिच्याच पुढ्यात ठेवण्यात आला. पहिल्या रांगेत रेणुका बसली होती. वसा पाळायचा म्हणून तिने कालपासूनच सुई दिली नव्हती. आकांक्षा बाटलीमागून बाटली पाणी पीत होती आणि मान टाकून बसली होती. इंद्रायणीने मध्येच उठून पोरीला उचलावं आणि पळावं, असा विचार दोनदा केला. पण मग पुढच्या गुरुवारी दुसरी आकांक्षा आली असती.

“कोणताही नंबर सांगा,” महाराज म्हणाले.

“दोन हजार दोनशे सतरा,” मागून फकरोद्दीन उभा राहिला.

इंद्रायणीने नंबर टाकला. हा क्रमांक देवासाठी राखीव आहे. महाराजांनी खळं, रास आणि सूप सुरू केलं. फकरोद्दीन त्यांचं होईपर्यंत थांबला. मग गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि पितळी बिल्ला वर धरला.

“मंग ह्याच्यावर बावीसशे सतरा कसं काय, महाराज? हा नंबर देवाचा न्हाई. अजीजुन्निसाचा हाय. माझ्या बायकोचा. तुम्हीच बांधला, ती मेल्यावर तुम्हीच पुसला.”

मांडवात कुजबूज झाली. बिल्ला खोटा आहे, महाराज म्हणाले. शत्रूंनी पाठवलेला माणूस आहे. त्यावर फोनवरच्या नऊंपैकी आणखी दोघं, परतूरची एक बाई आणि मंठ्याचा एक शिक्षक उभे राहिले. त्यांच्या हातात अकराशे ऐंशी आणि तीन हजार बावन्न होते. दोन्ही नंबर पडद्यावर देवासाठी राखीव निघाले. बिल्ल्यांवरचा शिक्का मांडवातल्या प्रत्येकाच्या मनगटावर होता तोच होता.

इंद्रायणीने माइक ओढून घेतला. गोरक्षनाथ सर शालीत आखडून बसले.

“एक गंमत दाखवते,” ती म्हणाली, आणि तिने एक कोटी टाकले. हा क्रमांक देवासाठी राखीव आहे. “जिल्ह्यात माणसं वीस-बावीस लाख. महाराजांनी कोटीवा पेशंटही राखून ठेवलाय.” तिने पाच शून्यं टाकली. तीही राखीव निघाली. कुठेतरी कोणी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्यात महाराजांचा आवाज पहिल्यांदाच बुडाला.

तिने समजावून सांगितलं. शाळेत बेचाळीस पोरं असतात. एक पोर शाळा सोडून गेलं आणि गुरुजींनी त्याचं नाव खोडलं, तरी हजेरीत सतरानंतर एकोणीसच येतो. अठरा नंबर देवाने नेलेला नसतो. जो मेला, जो बरा झाला नाही, जो भांडायला आला, त्याचं नाव इथे खोडलं जातं. उरलेल्यांची मोजदाद होते आणि त्याला चमत्कार म्हणतात. “असे तेराशे बारा आहेत. तुम्ही देवाचं सूप म्हणून हात जोडता, त्या सुपात माणसं आहेत.”

“बरे झाले ते काय खोटे हायत का?” एक बाई म्हणाली. “माझी कावीळ गेली.”

“गेली असेल, मावशी. कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, कंबर आठ दिवसांनी सुटते. आपोआप जाणारं गेलं की श्रेय ह्यांचं. आणि जे आपोआप जात नाही त्यानं माणूस गेलं, की नंबर देवाचा.”

महाराज लॅपटॉपकडे झेपावले. सर्व्हर हॅक झालाय, ते ओरडले. इंद्रायणीने तेवढ्यात शेवटचा नंबर टाकला. बैलगाडीएवढ्या पडद्यावर आलं: ६४१९, आकांक्षा भागवत, मधुमेह, बरे झाले.

“वहिनी,” ती म्हणाली, “वसा आत्ता सुरू होणार होता ना? हे गेल्या गुरुवारपासून असं लिहिलंय.”

रेणुकाने पडद्यावरचा नंबर पोरीच्या मनगटावरच्या बिल्ल्याशी ताडून पाहिला. तिच्या पिशवीत साखर तपासायचं मशीन होतंच. का आणलं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आकांक्षाने ते काढलं, कोणालाही न विचारता बोट टोचलं, आणि आकडा आईसमोर धरला. चारशे अठरा. पोरगी जड जिभेने म्हणाली, “आई, मी बरी न्हाई झाले.”

मग रेणुकाने जे केलं ते अडीच हजार लोकांनी बघितलं. तिने पोरीच्या मनगटाचा बिल्ल्याचा दोरा दातांनी तोडला, बिल्ला महाराजांच्या पांढऱ्या कुर्त्यावर फेकला, तिथेच सतरंजीवर बसून पोरीच्या दंडाला सुई दिली. दोन वर्षांची सवय होती.

फकरोद्दीनने ओळखीच्या माणसाची जीप थांबवून ठेवली होती. दुपारी आकांक्षा जालन्यात सलाइनवर होती. सहा तास आणखी गेले असते तर सांगता आलं नसतं, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि भागवतने मिलमधून सुट्टी काढून इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं.

बिल्लेवाल्या तिघांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद दिली. गोरक्षनाथ सरांनी इंद्रायणीला कामावरून काढलं. ‘विश्वासाचा भंग’ असं कारण लिहिलं. कोणाच्या विश्वासाचा, ते लिहिलं नाही.

आणि पुढच्या गुरुवारी मांडवात निम्मी गर्दी होती. होय, निम्मी. महाराजांनी पडदा काढून टाकला होता आणि आता ते म्हणत होते की श्रद्धेला आकड्यांची गरज नसते.

म्हणून हे त्या उरलेल्या निम्म्यांसाठी. तुमच्याकडे हात आहेत, ते जोडण्याआधी बोटं मोजायला वापरा. कोणी सांगितलं की माझ्याकडे हजार बरे झाले, तर नम्रपणे विचारा: आले किती होते? न झालेले कुठे आहेत? त्यांच्या घरी मला घेऊन चला. खरा डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. तो सांगतो की इतके वाचले, इतके गेले, आणि गेलेल्यांची नोंदही दाखवतो. जो रागावतो, किंवा उत्तरादाखल देवाचं नाव घेतो, त्याच्या मांडवातून आपलं लेकरू उचला आणि चालू पडा. चप्पल राहिली तर राहू द्या.